छोट्या ऑफिसचा डेटाबेस सर्व्हर बदलायचा आहे, दीड लाखात काय बसेल?

नानापेठ_हिशेब

नमस्कार मंडळी.

आमचा दुचाकींच्या सुट्या भागांचा होलसेल धंदा आहे. पुण्यात नाना पेठेत ऑफिस आणि काउंटर, फुरसुंगीला गोडाऊन. मी हिशेब आणि ऑफिस बघते, त्यामुळे कॉम्प्युटरचं कामही माझ्याकडेच आलं आहे. बिलिंग, स्टॉक, पार्ट्यांची उधारी हे सगळं एका स्थानिक प्रोग्रॅमरनी व्हीबी डॉट नेटमध्ये लिहून दिलेल्या सॉफ्टवेअरवर चालतं. मागे डेटा ठेवायला एसक्यूएल सर्व्हर २०१२ एक्सप्रेस, ही मायक्रोसॉफ्टच्या डेटाबेसची मोफत आवृत्ती आहे. एका वेळी १४ जण काम करतात, त्यातले ४ गोडाऊनमधून.

मशीन म्हणजे चौथ्या पिढीचा आय-फाइव्ह, ८ जीबी रॅम, १ टीबीची साधी हार्ड डिस्क, विंडोज ७. डेटाबेसची फाइल ९.३ जीबी झाली आहे. संध्याकाळी पाच ते सात काउंटरवर मेकॅनिकांची गर्दी असते. नेमकं तेव्हाच कोणी उधारीचा रिपोर्ट काढला की सगळ्यांचे स्क्रीन अडकतात. एक बिल निघायला मिनिटभर लागतं, माणसं बाजूच्या दुकानात निघून जातात.

एका व्हेंडरनी १६ कोअरचा रॅक सर्व्हर, ६४ जीबी रॅम असं ३ लाख २० हजार अधिक जीएसटीचं कोटेशन दिलंय. शेठ म्हणतात, दीड लाखाच्या वर एक रुपया नाही. या बजेटमध्ये काय घ्यावं? रिफर्बिश्ड (दुरुस्त केलेला जुना) घेऊ का? की क्लाउड? अनुभव असलेल्यांनी कृपया सांगा.

टेबलस्कॅन

ताई, ते कोटेशन आधी बाजूला ठेवा. तुमचं एडिशन एक्सप्रेस आहे. एक्सप्रेस एका सॉकेटपुरतं (एका प्रोसेसरपुरतं) किंवा जास्तीत जास्त ४ कोअर वापरतं, यांपैकी जे कमी असेल ते. २०१२ च्या एक्सप्रेसला डेटा मेमरीत धरून ठेवायला १ जीबी मिळते, २०१६ सर्व्हिस पॅक १ पासून पुढे १४१० एमबी. म्हणजे १६ कोअर आणि ६४ जीबीतलं बहुतेक सगळं नुसतं पडून राहील. व्हेंडरनी हे सांगायला हवं होतं.

दुसरी गोष्ट जास्त तातडीची आहे. एक्सप्रेसमध्ये एका डेटाबेसच्या डेटा फाइलला १० जीबीची मर्यादा असते (लॉग फाइल त्यात धरत नाहीत). तुम्ही ९.३ वर आहात. १० झाले की नवीन बिल सेव्हच होणार नाही. मशीन कितीही भारी आणलं तरी ही मर्यादा तशीच राहते.

खरेदीआधी दोन गोष्टी बघून इथे टाकाल का?
संध्याकाळी स्क्रीन अडकतील तेव्हा मॅनेजमेंट स्टुडिओत 'एसपी_हू२' ही कमांड चालवा आणि 'ब्लॉक बाय' (कोणामुळे अडलंय) या रकान्यात आकडे दिसतात का ते बघा. आणि डेटाबेसवर उजवं क्लिक करून रिपोर्ट्समध्ये 'डिस्क युसेज बाय टॉप टेबल्स' काढा. कोणतं टेबल किती जागा खातंय ते कळेल.

कोथरूड_डेपो

२०१२ चा सपोर्ट जुलै २०२२ लाच संपला, विंडोज ७ चा जानेवारी २०२० ला. अशा मशीनवर धंद्याचा सगळा हिशेब ठेवणं धोक्याचं आहे. मी तर म्हणेन सरळ क्लाउडवर जा. मायक्रोसॉफ्टच्या अझूरचं सेंट्रल इंडिया रीजन पुण्यातच आहे, डेटा शहराबाहेर जाणारही नाही. मशीन, वीज, डिस्क, काहीच बघायला नको. भांडवली खर्च शून्य.

भोसरीकर

आमच्या वर्कशॉपला डेलचा रिफर्बिश्ड रॅक सर्व्हर, पॉवरएज आर७३० आहे. दोन झिऑन प्रोसेसर, ईसीसी (चुका आपोआप सुधारणारी) रॅम, दोन पॉवर सप्लाय. नव्याच्या तुलनेत किंमत बरीच कमी पडली. व्यवस्थित चाललाय. माझं मत रिफर्बिश्डला.

शनिपार

@भोसरीकर, तुमच्याकडे शेडमध्ये वेगळी खोली असेल. नाना पेठेतल्या ऑफिसात तो आवाज कोण सहन करणार? रॅक सर्व्हरचे पंखे काउंटरवरच्या बोलण्यावर चढतात. शिवाय वीज. सतत १५० वॉट धरले तर महिन्याला १०८ युनिट होतात. ताईंनी आपल्या बिलातला व्यापारी दर लावून वर्षाचा हिशेब करावा. ही मशीनं २०१४ च्या पिढीची आहेत. डिस्का जोडणारं रेड कार्ड किंवा बॅकप्लेन गेलं तर सुटा भाग शोधत मुंबईच्या लॅमिंग्टन रोडपर्यंत जावं लागतं.

भोसरीकर

आवाजाचा मुद्दा मान्य. वेगळी खोली नसेल तर घेऊ नका.

टेबलस्कॅन

@कोथरूड_डेपो, नव्याने लिहिलेल्या सॉफ्टवेअरला तुमचा सल्ला योग्य आहे. पण त्या काळच्या व्हीबी डॉट नेटच्या बऱ्याच प्रोग्रॅममध्ये रिपोर्ट काढताना प्रत्येक पार्टीसाठी, प्रत्येक बिलासाठी वेगळी क्वेरी जाते. ऑफिसच्या नेटवर्कवर एका फेरीला मिलीसेकंदसुद्धा लागत नाही. इंटरनेटवरून १० मिलीसेकंद धरा. ५००० क्वेऱ्यांचा रिपोर्ट असेल तर ५० सेकंद नुसत्या ये-जा करण्यात जातील. सर्व्हर पुण्यात असला तरी वाट इंटरनेटचीच.

कोथरूड_डेपो

मग प्रोग्रॅमसुद्धा तिकडेच ठेवायचा आणि सगळ्यांनी रिमोट डेस्कटॉपनी वापरायचा. ये-जा हा प्रश्नच राहत नाही.

शनिपार

१४ जणांचे रिमोट डेस्कटॉपचे परवाने, दर महिन्याचं भाडं, आणि रस्ता खोदताना फायबर तुटली की काउंटर बंद. पेठांमध्ये राहणाऱ्याला हे समजावून सांगायला नको. ज्या धंद्यात गिऱ्हाईक समोर उभं असतं तिथे बिल छापायची सोय भिंतीच्या आत हवी, असं मला मनापासून वाटतं. बॅकअप मात्र क्लाउडवर जरूर ठेवा.

विश्रांतवाडी_नेट

माझा प्रश्न वेगळाच आहे. गोडाऊनमधले ४ जण ऑफिसच्या सर्व्हरला जोडले कसे जातात?

नानापेठ_हिशेब

सगळ्यांचे आभार. इतके सविस्तर प्रतिसाद येतील असं वाटलं नव्हतं.

@टेबलस्कॅन, काल संध्याकाळी बघितलं. 'ब्लॉक बाय' रकान्यात आठ-नऊ ओळींत एकच आकडा होता. तो ज्या मशीनचा होता तिथे उधारीचा रिपोर्ट चालू होता. रिपोर्ट संपला तसे सगळे स्क्रीन सुटले.

टेबलांचं असं आहे: 'बदल_नोंद' नावाचं टेबल ४.१ जीबी, वस्तूंचे फोटो २.२ जीबी, बाकी सगळी बिलं, व्हाउचर, स्टॉक मिळून ३ जीबी. बदल_नोंद म्हणजे कोणी बिल बदललं किंवा रद्द केलं तर जुनी-नवी नोंद तिथे जाते. ते टेबल रिकामं करून टाकू का? कोणी उघडूनही बघत नाही.

@विश्रांतवाडी_नेट, ऑफिसला स्टॅटिक आयपी आहे. राउटरवर पोर्ट उघडून दिलाय, त्यावरून गोडाऊन जोडलं जातं. आधी नेटवर्क बघणाऱ्यानी तसं करून ठेवलंय.

विश्रांतवाडी_नेट

ताई, बाकी सगळं सोडून आज हे करा. १४३३ पोर्ट (एसक्यूएल सर्व्हरचा नेहमीचा दरवाजा) इंटरनेटवर उघडा असेल तर जगभरातले बॉट तो दिवसरात्र ठोठावत असतात. एसक्यूएल सर्व्हरचा एरर लॉग उघडा आणि एरर १८४५६ शोधा, म्हणजे लॉगिन अयशस्वी. त्यात 'एसए' या मुख्य युजरच्या नावाने अनोळखी आयपींवरून रांग लागलेली दिसेल. पासवर्ड सोपा असेल तर एक दिवस डेटाबेसच कुलूपबंद होतो आणि वर खंडणीची चिठ्ठी येते.

तो पोर्ट बंद करा. गोडाऊन आणि ऑफिस व्हीपीएननी, म्हणजे इंटरनेटवरूनच पण खासगी, सुरक्षित वाटेनी जोडा. त्यासाठीचं वायरगार्ड मोफत आहे आणि आता बऱ्याच स्वस्त राउटरांत तयार मिळतं. दोन्हीकडे तसा राउटर घेतला की काम झालं. पासवर्ड बदलला तरी पोर्ट उघडा ठेवू नका.

टेबलस्कॅन

+१. राउटरचा खर्च बजेटमध्ये सगळ्यात वर धरा.

आता तुमच्या मूळ दुखण्याकडे येतो. 'ब्लॉक बाय'मध्ये एकच आकडा म्हणजे स्क्रीन मशीनच्या ताकदीअभावी अडकत नाहीत, कुलपांमुळे अडकतात. एसक्यूएल सर्व्हरच्या मूळ सेटिंगमध्ये वाचणारा वाचता वाचता नोंदींवर कुलूप लावतो आणि लिहिणाऱ्याला तेवढा वेळ थांबावं लागतं. उधारीचा रिपोर्ट पूर्ण व्हाउचर टेबल वाचत असेल तर कुलूप अख्ख्या टेबलावर जाऊ शकतं, आणि मग काउंटरवरची सगळी बिलं त्याच्यामागे रांगेत उभी राहतात. तीन लाखांचा सर्व्हर आणला असतात तर ही रांग थोडी लवकर सरकली असती, संपली नसती.

यावर दोन उपाय आहेत आणि दोन्ही फुकट आहेत.

पहिला, 'रीड कमिटेड स्नॅपशॉट' हे सेटिंग डेटाबेसवर चालू करायचं. मग वाचणाऱ्याला नोंदीची आधीची पक्की आवृत्ती दाखवली जाते, ती टेम्पडीबी या तात्पुरत्या डेटाबेसमध्ये ठेवलेली असते, आणि लिहिणारा थांबत नाही. एक्सप्रेसमध्येही हे चालतं. चालू करताना त्या डेटाबेसला दुसरं कोणी जोडलेलं नसावं, म्हणून रात्री करा. टेम्पडीबी मोठी होते, तिला डिस्कवर जागा ठेवा. तुमच्या प्रोग्रॅमरना आधी विचारा, कारण स्टॉक वाचून लगेच वजा करण्याचा कोड कुलपांवर विसंबून लिहिलेला असेल तर त्यांना तो तपासावा लागेल. ही पायरी गाळू नका.

दुसरा, रिपोर्टच्या क्वेरीला योग्य इंडेक्स (पुस्तकामागच्या सूचीसारखी यादी). पार्टी कोड आणि तारखेवर एक इंडेक्स बसला तर पूर्ण टेबल वाचायची गरज बहुधा उरणार नाही.

आणि एक्सप्रेसवाल्या प्रत्येकासाठी: डेटाबेसच्या प्रॉपर्टीजमध्ये 'ऑटो क्लोज' बघा. एक्सप्रेसमध्ये तयार केलेल्या डेटाबेसला ते मुळात चालू असतं. शेवटचा माणूस बाहेर पडला की डेटाबेस बंद होतो, पुढचा आला की पुन्हा उघडतो आणि मेमरीत जमलेलं सगळं वाया जातं. ते बंद करा. 'ऑटो श्रिंक' (फाइल आपोआप आकसवणं) चालू असेल तर तेही.

सीए_एरंडवणे

बदल_नोंद टेबल रिकामं करू नका. यासाठीच लॉगिन केलं.

तुमची फर्म प्रायव्हेट लिमिटेड आहे की भागीदारी? कंपनी असेल तर १ एप्रिल २०२३ पासून हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये ऑडिट ट्रेल सक्तीचा आहे. तो बंद करता येत नाही आणि ८ वर्षं जपावा लागतो. हिशेबाच्या पुस्तकांचा रोजचा बॅकअप भारतातल्या सर्व्हरवर ठेवणंही कंपन्यांना बंधनकारक आहे.

नानापेठ_हिशेब

भागीदारी आहे. शेठ आणि त्यांचे धाकटे भाऊ. मग आम्हाला लागू नाही ना?

सीए_एरंडवणे

कंपनी कायद्याचा नियम लागू नाही. पण जीएसटी नोंदणी आहे, म्हणून सीजीएसटी नियम ५६(८) लागू आहे. नोंदी इलेक्ट्रॉनिक स्वरूपात ठेवत असाल तर बदललेल्या किंवा काढलेल्या प्रत्येक नोंदीचा लॉग ठेवावा लागतो. तुमचं बदल_नोंद टेबल म्हणजे तोच लॉग. तुमच्या प्रोग्रॅमरनी ते आधीपासून करून ठेवलंय हे खरंच कौतुकाचं आहे. नियम ५७ मध्ये बॅकअपचीही अट आहे, डेटा गेला तर वाजवी वेळात परत उभा करता आला पाहिजे अशी. नोंदी जपायची मुदत वार्षिक रिटर्नच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने. एखादं अपील किंवा चौकशी चालू असेल तर त्याहून जास्त.

खरेदीबद्दल: सर्व्हरच्या बिलावर भरलेल्या जीएसटीचं इनपुट क्रेडिट मिळेल, म्हणून दीड लाखाची मर्यादा जीएसटी सोडून धरा असं शेठना सांगा. क्रेडिट घेतलं की त्या रकमेवर घसारा घेता येत नाही, एवढं लक्षात असू द्या. आयकरात कॉम्प्युटरला ४० टक्के घसारा आहे, पण वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापर झाला तर निम्माच.

टेबलस्कॅन

छान माहिती. मग बदल_नोंदसाठी सोपी वाट आहे. १० जीबीची मर्यादा प्रत्येक डेटाबेसला वेगळी असते, सगळ्या सर्व्हरला मिळून नाही. त्याच मशीनवर 'संग्रह' नावाचा दुसरा डेटाबेस करा. दोन वर्षांपूर्वीच्या बदल-नोंदी तिकडे हलवा, दोन्हीकडच्या ओळी मोजून जुळवा आणि मगच मूळ ठिकाणच्या काढा. एकदम लाखो ओळी काढू नका, लॉग फाइल फुगेल. थोड्या थोड्या काढा. फोटोही साध्या फोल्डरमध्ये नेऊन डेटाबेसमध्ये फक्त फाइलचा पत्ता ठेवता येईल.

ओळी काढल्यावर फाइल ९.३ जीबीच दिसेल, घाबरू नका. आत जागा मोकळी झालेली असते आणि नवीन नोंदी तिथेच बसतात. श्रिंक करायच्या मागे लागू नका, इंडेक्स विस्कटतात.

आणि एसक्यूएल सर्व्हर २०२५ च्या एक्सप्रेसमध्ये ही मर्यादा ५० जीबी केली आहे. नवीन मशीन घेणारच आहात तर तेच टाका, पुढची बरीच वर्षं या प्रश्नाकडे बघावं लागणार नाही.

हत्तीवाला

कोणीतरी पोस्टग्रेएसक्यूएल (मोफत डेटाबेस) म्हणेल याची वाट बघत होतो. ना साइजची मर्यादा, ना कोअरची, ना रॅमची, ना परवान्याची. वाचणारा लिहिणाऱ्याला अडवत नाही हे त्यात पहिल्यापासून आहे, वेगळं सेटिंग लागत नाही. एवढ्या खटाटोपापेक्षा एकदाच बदला.

टेबलस्कॅन

पोस्टग्रेस उत्तम आहे, याबद्दल वाद नाही. पण त्यांच्या प्रोग्रॅममध्ये किती स्टोअर्ड प्रोसिजर (डेटाबेसमध्येच लिहून ठेवलेला कोड) आहेत? प्रत्येक पुन्हा लिहावी लागेल, प्रत्येक रिपोर्ट जुन्याशी ताडून बघावा लागेल. तो खर्च दीड लाखात बसत नाही, आणि तो सगळा एका माणसाच्या वेळेवर अवलंबून आहे.

नानापेठ_हिशेब

प्रोग्रॅमरकाकांना फोन केला. धायरीला असतात, आता नवीन कामं घेत नाहीत, पण आमचं बघतात. म्हणाले, पावणेदोनशे प्रोसिजर आहेत.

हत्तीवाला

मग नको. नवीन सॉफ्टवेअर लिहून घ्याल तेव्हा मात्र आठवण ठेवा.

ळ_आणि_क्ष

थोडं अवांतर, पण मशीन बदलताना हे हमखास येतं म्हणून लिहितो. पार्ट्यांची नावं मराठीत आहेत का? असतील तर ती युनिकोडमध्ये आहेत की जुन्या फॉन्टच्या पद्धतीने? एका पतसंस्थेचं काम करताना बघितलं, निम्मी नावं जुन्या फॉन्टमध्ये होती. नवीन मशीनवर तो फॉन्ट नव्हता, म्हणून सगळीकडे इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसू लागला. डेटा बिघडलेला नव्हता, फक्त दिसत नव्हता.

दुसरं, नावाच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं सेव्ह होत असतील तर रकाना व्हारचार (युनिकोड नसलेल्या मजकुराचा) आहे किंवा क्वेरीत मजकुराआधी 'एन' लावायचा राहिलाय. प्रश्नचिन्ह एकदा सेव्ह झालं की मूळ नाव परत मिळत नाही. रकाना एनव्हारचार हवा.

शनिपार

आणि अकारविल्हे यादीत 'ळ', 'क्ष', 'ज्ञ' शेवटी यावेत ही आपली अपेक्षा असते. बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये 'क्ष' 'क' मध्येच जाऊन बसतो.

ळ_आणि_क्ष

बरोबर. संगणकाच्या दृष्टीने क्ष म्हणजे क, हलन्त आणि ष. मराठीचा क्रम हवा असेल तर भाषेनुसार कोलेशन (वर्णक्रमाचे नियम) निवडावं लागतं. पोस्टग्रेसमध्ये आवृत्ती १० पासून आयसीयू कोलेशन आहेत. सीडॅकनी पुण्यात बसून भारतीय लिप्यांवर इतकं काम केलं, तरी आज दुकानाच्या बिलावर गिऱ्हाइकाचं नाव नीट छापून आलं की आनंद होतो, याचं मला वाईट वाटतं. ताई, निदान पार्टी मास्टर एकदा नीट करून घ्या.

नानापेठ_हिशेब

गोडाऊनच्या हमालांची आणि काही गावाकडच्या दुकानांची नावं मराठीत आहेत. तपासते. प्रश्नचिन्हं मी तीन-चार ठिकाणी बघितली आहेत, आता कारण कळलं.

गुरुवारचा_पंखा

यूपीएसबद्दल कोणीच बोललं नाही! गुरुवारी देखभालीसाठी लाइट जाते हे सगळ्यांना माहीत असतं, ते सोपं. त्रास देतो तो पावसाळ्यातला क्षणभराचा झटका. डेटाबेस लिहीत असताना वीज गेली आणि डिस्कनी 'लिहिलं' म्हणून सांगितलेलं प्रत्यक्षात तिच्या कॅशमध्येच असलं तर फाइल बिघडू शकते. ऑनलाइन यूपीएस घ्या, यूएसबी केबल सर्व्हरला लावा आणि बॅटरी उतरायला लागली की मशीन आपोआप शिस्तीत बंद होईल असं सेट करा. ती केबल बऱ्याच ठिकाणी यूपीएसच्या खोक्यातच राहिलेली असते. बॅटऱ्या दर दोन-तीन वर्षांनी बदलायच्या, त्याची तारीख यूपीएसवरच चिकटवा.

भोसरीकर

त्याच कारणासाठी एसएसडी एंटरप्राइजची घ्या, 'पॉवर लॉस प्रोटेक्शन'वाली. तिच्यात कपॅसिटर असतात, वीज गेली तरी कॅशमधलं लिहून होतं. घरगुती एसएसडीत बहुधा ते नसतात. दोन घ्या आणि रेड १ करा, म्हणजे दोन्हींवर एकच डेटा लिहिला जातो. साध्या ७२०० आरपीएमच्या डिस्कवर सेकंदाला शंभरेक रँडम वाचनं होतात, साध्या साटा एसएसडीवर हजारोंनी. ताईंच्या मशीनमध्ये खरा जुनाट भाग तो आहे.

शनिपार

आणि रेड म्हणजे बॅकअप नव्हे. चुकून काढलेलं बिल दोन्ही डिस्कांवरून एकाच क्षणी जातं.

सिंहगडरोड

गेल्या पावसाळ्यात आमच्या तळमजल्याच्या ऑफिसात पाणी शिरलं. सर्व्हर आणि बॅकअपची डिस्क एकाच टेबलाखाली होती. सर्व्हर जमिनीवर ठेवू नका, एवढंच सांगायला आलो.

विश्रांतवाडी_नेट

हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. बॅकअप तीन प्रतींत, दोन प्रकारच्या माध्यमांवर, एक प्रत इमारतीबाहेर. आणि बॅकअप घेऊन झाला की बाहेरची डिस्क काढून ठेवायची. लावलेलीच राहिली तर खंडणीचा व्हायरस तिलाही कुलूप लावतो.

टेबलस्कॅन

एक्सप्रेसमध्ये एसक्यूएल सर्व्हर एजंट नसतो, म्हणून वेळापत्रक विंडोजच्या टास्क शेड्युलरवर लावायचं आणि तिथून एसक्यूएलसीएमडीनी बॅकअप घ्यायचा. 'चेकसम' लावा, बॅकअप बिघडला तर कळतं. आठवड्यातून एकदा 'डीबीसीसी चेकडीबी' चालवा, डेटाबेस धड आहे का ते कळतं. आणि महिन्यातून एकदा तो बॅकअप दुसऱ्या मशीनवर उघडून, कालच्या बिलांची बेरीज जुळते का ते बघा. नियम ५७ ची अटही त्यातच पूर्ण होते.

नानापेठ_हिशेब

धागा भरकटला तरी प्रत्येक गोष्ट कामाची निघाली. आता मूळ प्रश्न परत विचारते. मशीन कुठलं?

इतक्यात झालेलं सांगते. पोर्ट बंद केला. एरर लॉगमध्ये 'एसए'च्या नावाने परदेशी आयपींची रांगच होती, बघून पोटात गोळा आला. दोन वायरगार्ड राउटर बसवले. ऑटो क्लोज चालू होता, बंद केला. प्रोग्रॅमरकाकांनी स्टॉक वजा करण्याचा कोड तपासला, एका ठिकाणी बदल केला आणि रात्री ते स्नॅपशॉट सेटिंग चालू केलं. पार्टी कोडचा इंडेक्सही टाकला. काल संध्याकाळी मुद्दाम सहा वाजता उधारीचा रिपोर्ट काढला. काउंटरवर कोणाला कळलंही नाही.

शेठ विचारत होते, मग आता सर्व्हर कशाला?

टेबलस्कॅन

वा! हे वाचून फार बरं वाटलं.

शेठना सांगा, सर्व्हर आता वेगासाठी घ्यायचा नाही, सुरक्षिततेसाठी घ्यायचा आहे. विंडोज ७ आणि २०१२ ला सुरक्षेचे अपडेट येत नाहीत, आणि ती हार्ड डिस्क म्हातारी झाली आहे. वेग सुटला म्हणून खर्च निम्म्यावर आणता येईल, शून्यावर नाही.

शनिपार

दीड लाखाची वाटणी मी अशी करेन. मशीनला ८० हजार. त्यात एक सॉकेट, ईसीसी रॅम आणि वर सांगितलेल्या दोन एसएसडी असलेला साधा टॉवर सर्व्हर. २०२५ च्या शेवटी रॅमचे भाव चढले आहेत, म्हणून १६ जीबीवर थांबा, एक्सप्रेसला तेवढे भरपूर झाले. यूपीएस बॅटरीसह २० हजार. बॅकअपच्या डिस्का आणि क्लाउडवरची जागा १५ हजार. प्रोग्रॅमरकाकांना २५ हजार, आणि हे कापू नका. १० हजार हातात ठेवा. राउटर आधीच झाले.

भाव तीन ठिकाणी विचारा. तपकीर गल्लीत एक फेरी मारा, पण सर्व्हर मात्र ज्याचा माणूस वॉरंटीत नाना पेठेत येऊन काम करेल त्याच्याकडूनच घ्या.

कोथरूड_डेपो

८० हजारांत ईसीसीवाला टॉवर दोन एंटरप्राइज एसएसडींसकट बसेल असं मला वाटत नाही. विंडोजचा खर्चही त्यात धरलेला नाही. बसला नाही तर?

भोसरीकर

तर चांगला नवीन डेस्कटॉप विंडोज ११ प्रोसकट घ्या, पण एसएसडी एंटरप्राइजच्याच ठेवा. ईसीसी सोडावा लागला तरी त्या डिस्का सोडू नका. आणि जुन्या मशीनमधली हार्ड डिस्क काढून एसएसडी टाका, म्हणजे ते बॅकअप उघडून बघायला उपयोगी पडेल. फक्त इंटरनेटपासून तोडून ठेवा.

कोथरूड_डेपो

पण विंडोज ७ वर २०२५ बसणार नाही, आणि नव्या आवृत्तीचा बॅकअप जुन्या आवृत्तीत उघडत नाही. त्या मशीनलाही नवीन विंडोज लागेल.

टेबलस्कॅन

अगदी बरोबर, आणि हा मुद्दा मोठा आहे. २०१२ चा बॅकअप नव्या आवृत्तीत उघडतो, उलट नाही. नव्यावर एकदा बिलं सुरू झाली की मागे फिरता येत नाही. म्हणून आधी तालीम करा. नव्या मशीनवर जुना बॅकअप उघडा, एक काउंटर त्याला जोडा, खोटी बिलं करा, सगळे रिपोर्ट काढा. कोणत्याही क्लायंटवर विंडोज ७ असेल तर तो मुद्दाम जोडून बघा, टीएलएसच्या (जोडणी सुरक्षित करणाऱ्या पद्धतीच्या) जुन्या आवृत्तीमुळे कनेक्शन अडू शकतं. काकांना सांगा, कंपॅटिबिलिटी लेव्हल ११० वरच (म्हणजे २०१२ सारखीच) ठेवा. २०१४ पासून क्वेरीचा अंदाज बांधायची पद्धत बदलली आहे, एखादा रिपोर्ट उगाच मंदावायचा. सगळं स्थिर झालं की मग वाढवून बघा.

रिस्टोअर केल्यावर युजर आणि लॉगिन यांची जोडी तुटलेली असते, 'ऑल्टर युजर'नी ती पुन्हा जुळवावी लागते. एक्सप्रेसमध्ये टीसीपी-आयपी मुळात बंद असतं, ते कॉन्फिगरेशन मॅनेजरमध्ये चालू करून पोर्ट पक्का करा आणि फायरवॉलमध्ये तो फक्त ऑफिस आणि व्हीपीएनच्या पत्त्यांना उघडा.

नानापेठ_हिशेब

हे सगळं छापून काकांना दिलं. त्यांनी शनिवारी रात्री दुकान बंद झाल्यावर बदल करायचं ठरवलंय, रविवारी तपासायला पूर्ण दिवस मिळेल. महिन्याची ११ आणि २० तारीख टाळून पुढचा शनिवार धरलाय, म्हणजे जीएसटी रिटर्नच्या गडबडीत येणार नाही. टॉवरचं एक कोटेशन आलंय, विंडोजसकट शनिपार यांच्या आकड्यापेक्षा थोडं वर आहे, पण हातातल्या १० हजारांत भागतंय. शेठ हो म्हणाले.

एकच शंका. १४ मशीनवर प्रोग्रॅममध्ये सर्व्हरचा आयपी लिहिलेला आहे. तो प्रत्येक ठिकाणी जाऊन बदलायचा का?

विश्रांतवाडी_नेट

नको. शनिवारी रात्री जुन्या मशीनला दुसरा आयपी द्या आणि जुना आयपी नव्या सर्व्हरला लावा. कनेक्शनमध्ये आयपीपुढे 'एसक्यूएलएक्सप्रेस' असं इन्स्टन्सचं नाव लिहिलेलं असेल तर नव्या सर्व्हरवर इन्स्टॉल करताना तेच नाव ठेवा आणि एसक्यूएल ब्राउझर सर्व्हिस चालू करा. ती यूडीपी १४३४ वर उत्तर देते, फायरवॉलमध्ये तोही ऑफिसपुरता आणि व्हीपीएनपुरता उघडा. सोमवारी सकाळी काउंटर उघडायच्या आधी गोडाऊनमधून एक चलन काढून बघा.